बापूचा धंदा काय होता? मराठवाड्यातल्या डॉक्टर लोकांना खुलं पत्र

नमस्कार डॉक्टर साहेब, नमस्कार मॅडम,

हे पत्र कुण्या एका डॉक्टरला नाही. जालना, संभाजीनगर, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव, जिथं कुठं माणूस खोकत खोकत येऊन स्टुलावर बसतो आणि तुम्ही पाठीला नळी लावून 'मोठा श्वास घ्या' म्हणता, तिथल्या सगळ्यांना आहे, सरकारी असो का प्रायव्हेट. भांडायला लिहीत नाहीये हे आधीच सांगून ठेवतो, भांडण दिसलं की माणूस पुढं वाचतच नाही. मला तुमच्याकडून केस पेपरवर पेनानं लिहायची एक ओळ पाहिजे, पेशंटनं आयुष्यात काय काम केलं ती, बस.

मी जालन्यात झेरॉक्सचं दुकान चालवतो, बारा वर्षं झाली. या धंद्यात लोकांचे कागद न वाचायचं ठरवलं तरी वाचण्यात येतात. सातबारा, आधार, पासबुक, मुलीची टीसी, आणि दवाखान्याचे केस पेपर तर रोजचेच, कुणाला विम्याला लागतात, कुणाला रजेला, कुणाला मुंबईला न्यायच्या आधी सगळी फाईल डबल करून ठेवायची असते. केस पेपर हातात आला की मी आता सवयीनं आधी एकच रकाना बघतो, व्यवसाय. शंभरातले कितीतरी रिकामे असतात. भरलेला असला तर 'मजुरी' नाहीतर 'शेती'. बाईचा असला तर 'घरकाम', मग ती बाई सीझनभर जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगावर उभी असली तरी घरकामच. पहिले मलाही यात काही वावगं वाटत नव्हतं. रकानाच तो, त्याचं काय एवढं. बापूची केस कोर्टात उभी राहिली आणि समोरच्या वकिलानं आमचेच सहा केस पेपर एकेक करून वाचून दाखवले, त्या दिवशी कळलं त्याचं काय एवढं.

बापू म्हणजे माझे वडील. बदनापूरकडचं गाव आमचं, दोन एकर कोरडवाहू, त्यात कापूस नाहीतर सोयाबीन, तेही पावसाच्या मनात असलं तर. २००५ साली ते एमआयडीसीत लागले. 'जालना सोने का पालना' म्हणतात ते तुम्ही ऐकलंच असंल, आता पाळण्यात सळई आहे, भंगार आणायचं, वितळवायचं, बिलेट म्हणजे लोखंडाचे लांब ठोकळे पाडायचे, सळई ओढायची, हजारो घरं त्यावर चालायलीत, आमचंही चाललं. बापू वितळवण्यात नव्हते, ते लायनिंगवर होते. हे काम बाहेरच्या माणसाला माहीत नसतं, जालन्यातच राहणाऱ्या कितीतरी लोकांना नाही, म्हणून जरा लांबण लावून सांगतो, सगळी गोम इथंच आहे.

इंडक्शन भट्टी म्हणजे तांब्याच्या कॉइलच्या आत बसवलेला एक आडच समजा. लोखंड वितळतं ते १६०० डिग्रीच्या आसपास, मग ते धरून ठेवणार कशात, तर भट्टीला आतून एक जाड अस्तर असतं, त्याला लायनिंग म्हणतात, आणि ते रॅमिंग मासचं करतात. रॅमिंग मास म्हणजे काय तर गारगोटी दळलेली, पांढरीशुभ्र, काही रव्यासारखी जाडी आणि काही मैद्यापेक्षा बारीक, तिच्यात सिलिका ९७-९८ टक्के, वर थोडी बोरिक पावडर. राजस्थानातून गोण्या येतात. भट्टीत मधोमध पत्र्याचा फर्मा उभा करायचा, फर्मा आणि कडेच्या मधल्या जागेत ही पावडर ओतायची, सळयांनी ठोकून ठोकून बसवायची, वरून व्हायब्रेटर. हे झालं भरणं. पण अस्तर काही कायमचं नसतं, काही हीट, म्हणजे वितळवायच्या फेऱ्या, झाल्या की झिजतं, मग भट्टी थंड करायची आणि जुनं अस्तर फोडून काढायचं, ब्रेकरनं, छन्नी-हातोड्यानं, माणूस आत उतरून. मग परत नवीन भरायचं. परत झिजलं की परत फोडायचं. बापूनं १४ वर्षं हेच केलं, वेगवेगळ्या ठेकेदाराकडून, पण भट्ट्या त्याच त्याच.

फोडताना आत धुरळा एवढा की शेजारच्याचं तोंड दिसायचं नाही, बापू सांगायचे की आम्ही एकमेकाला आवाजावरून ओळखायचो. तोंडाला गमछा. शिफ्ट सुटली की हातावर गुळाचा खडा, गूळ खाल्ला की धूळ खाली उतरते म्हणायचे, छातीत राहत नाही. मालकही तसंच म्हणायचा, मुकादमही, आणि खोटं कशाला बोला, घरी आम्हीही तसंच म्हणायचो, आई वरून अजून एक खडा द्यायची. आता तुम्हीच सांगा साहेब, गूळ जातो अन्ननलिकेनं आणि धूळ जाते श्वासनलिकेनं, दोघांची गाठ कुठं पडणार? ही गोष्ट मला कळायला बापूचा सीटी स्कॅन व्हावा लागला.

पाणी मारून फोडलं असतं तर धूळ उडाली नसती असं मी मागं एका सुपरवायझरला म्हणलं होतं, तो हसला. लायनिंगमध्ये ओल राहिली आणि तिथं वितळलेलं लोखंड गेलं की स्फोट होतो, माणसं मरतात. हे खरंय, यात ते खोटं बोलत नाहीत. पण पाणी चालत नाही म्हणल्यावर धूळ ओढून घेणारं मशीन पाहिजे ना, आणि गमछाच्या जागी नीट मास्क. ते काही मी १४ वर्षांत बापूच्या तोंडून ऐकलं नाही. जाऊ द्या, तो भाग मालकाचा, हे पत्र तुमच्यासाठी आहे.

२०१७ ला ढास सुरू झाली. आधी सकाळची, मग रात्रीची. मग जिना चढताना धाप, मग जिना सोडा, अंघोळ करताना धाप. एक्सरे काढला, दोन्ही बाजूला वरच्या भागात डाग. थुंकी तपासली, निगेटिव्ह. तरी टीबीच असणार म्हणून सहा महिने गोळ्या, आणि त्यात मी तुम्हाला सरळ दोष देत नाही, आपल्याकडं टीबी घरोघरी आहे, वरच्या भागात डाग दिसले की मनात पहिला टीबीच येणार. सहा महिन्यांनी गोळ्या संपल्या, डाग तिथंच. २०१९ ला बापूचं कामावर जाणं बंदच झालं, पायऱ्या उतरून भट्टीत जायची ताकदच राहिली नाही. २०२० ला परत टीबी, परत गोळ्या, आणि त्या वर्षी तर काय, खोकणारा माणूस दिसला की लोक रस्ता बदलायचे. टीबीच्या पेशंटला खुराकाचे म्हणून महिन्याला ५०० रुपये खात्यात यायचे तेव्हा, आता १००० झालेत, ते बापूला वेळेवर यायचे हेही सांगतो. टीबी म्हणलं की सरकारचं सगळं चाक फिरतं, गोळ्या, फोन, पैसे, घरी येऊन बघणं. चाक फिरत होतं, बापू काही सुधरत नव्हते.

२०२१ मध्ये एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं एक शिकाऊ डॉक्टर होती, माझ्या धाकट्या बहिणीएवढी पोरगी, डोळे झोपेनं तारवटलेले. तिनं विचारलं, धंदा काय? बापू म्हणले, शेती. तिनं लिहायला पेन टेकवला आणि थांबली. म्हणली, बाबा, शेती सोडून आयुष्यभर अजून काय काय केलं?

हा प्रश्न. चार वर्षांत चार-पाच डॉक्टरांनी बापूला बिडी विचारली, दारू विचारली, घरात कुणाला टीबी होता का विचारलं, कोंबड्या-कबुतरं आहेत का तेसुद्धा एकानं विचारलं. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बापू म्हणले, भट्टीत पांढरी पावडर भरली, फोडली. किती वर्षं? चौदा. तिनं फिल्म परत उजेडाला धरली, मग सिनियरला बोलवून आणलं, मग सीटी स्कॅन, मग ते बारीक बारीक दगडाच्या दाण्यासारखे डाग आणि छातीतल्या गाठींच्या कडेला अंड्याच्या टरफलासारखा चुना. केस पेपरवर तिनं लिहिलं: भट्टीचं लायनिंग, सिलिका पावडर, १४ वर्षं, चित्र सिलिकोसिसचं दिसतं. सिलिकोसिस म्हणजे सिलिकाची बारीक धूळ छातीत बसून होणारा फुफ्फुसाचा रोग. एवढीच ओळ. आमच्या आख्ख्या फाईलमध्ये कामाची म्हणावी अशी ती एकच ओळ आहे.

आता बापूचंही चुकलं, ते मी लपवत नाही. धंदा काय विचारलं की आपल्याकडचा माणूस शेतीच सांगतो. दोन एकर असू द्या नाहीतर दोन गुंठे, बटईनं दिलेली का असंना, तो स्वतःला शेतकरीच म्हणणार, कारण भट्टीवर पावडर भरतो हे सांगायला कमीपणा वाटतो आणि शेती सांगायला नाही. कागदावर बापू शेतकरी होते आणि छातीत भट्टी होती. म्हणून म्हणतो, 'धंदा काय' एवढं विचारून भागत नाही आमच्यात. त्या पोरीनं विचारलं तसं विचारावं लागतं.

२०२२ ला कंपनीवर भरपाईचा दावा टाकला. कंपनीचं लेखी उत्तर मीच झेरॉक्स केलं, तीन प्रती. पहिलं म्हणणं, हा आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा होता. दुसरं म्हणणं, आमचा असलाच तर हे प्रकरण ईएसआयकडं, म्हणजे सरकारी कामगार विम्याकडं जायला पाहिजे, इथं नाही (बापूचं ईएसआयचं कार्ड कुणी काढलंच नव्हतं). तिसरं, आजार टीबीचा आहे, टीबी जंतूनं होतो, भट्टीत जंतू नसतात. चौथं, मयत बिडी ओढायचे. पाचवं, दावा मुदतीत नाही. मयत कारण मधल्या काळात, २०२४ च्या श्रावणात, बापू गेले, शेवटचं दीड वर्ष घरात ऑक्सिजनच्या मशीनवर, लाईट गेली की आम्ही सगळे जागे.

एकेक बघा आता. ठेकेदाराचं काही अवघड नाही, ठेकेदारामार्फत ठेवलेल्या माणसाची जबाबदारीही मूळ मालकावर टाकता येते, कायद्यात कलमच आहे. पण तो माणूस तिथं काम करत होता हे दाखवायचं कशानं? हजेरी ठेकेदाराच्या डायरीत, पगार रोख, गेटपास दर वेळी परत घेतलेला. सोबत आत उतरणारे बहुतेक यूपी-बिहारचे भाऊ, कुणी गावी गेलं, कुणाचा नंबर लागत नाही, एकाच्या घरी फोन लागला तर त्याची बायको म्हणली वो तो गुजर गए, खाँसी थी. सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच ॲस्बेस्टॉसच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की कामगाराच्या तब्येतीचं रेकॉर्ड कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे उशिराचं असंल तोपर्यंत जपून ठेवायचं. बापूच्या तब्येतीचं एक पान कुणाकडं नाही. जे आहे ते तुमच्याकडचं. म्हणून तर सगळ्यांची नजर तुमच्या केस पेपरवर.

बिडीचं म्हणाल तर ओढायचे, दिवसाला चार-पाच. बिडीनं फुफ्फुस खराब होतं, मान्य, पण बिडीनं छातीत दगडाच्या गाठी होत नाहीत हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. टीबीचं तर त्याहून वाईट. सिलिका छातीत असली की टीबी लवकर धरतो, दोन्ही एकदम असू शकतात, तुमच्या पुस्तकात त्याला जोडनावसुद्धा आहे. म्हणजे टीबी निघाला म्हणून सिलिकोसिस नाही असं होत नाही, उलट टीबी परत परत व्हायला लागला तर तिथंच थांबून विचारायला पाहिजे की बाबा काम काय होतं. पण वकिलानं सहा केस पेपर पुढं केले, दोनावर 'शेती', एकावर 'मजुरी', दोन रिकामे, आणि चारांवर 'टीबी' ठळक. सहावा त्या पोरीचा. समोरचा वकील म्हणला, पाच डॉक्टर एक म्हणतात आणि एक शिकाऊ डॉक्टर दुसरं म्हणते, कुणाचं धरायचं? मग मला विचारलं, तुमचे वडील शेती करायचे ना? मी म्हणलं, हो. शेतात धूळ असते ना? मी म्हणलं, असते. झालं. मला अजून रात्री त्याची उत्तरं सुचायलीत.

मुदतीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. दाव्याला मुदत दोन वर्षं. कंपनी म्हणते २०१९ ला माणूस कामावर यायचा थांबला, तिथून मोजा, २०२१ ला संपली. आमचे वकील म्हणतात आजाराचं नावच २०२१ ला कळलं, नाव कळायच्या आधी दावा कशाचा टाकणार, आणि योग्य कारण असलं तर उशीर माफ करायचा अधिकार आहे. बघू काय होतं ते. पण साहेब, टीबी टीबी करण्यात जी दोन वर्षं गेली, कायद्यानं मोजली जाणारी दोन वर्षं नेमकी तीच.

आता कायद्याचं एक सांगतो, हे मला वकिलांनी तीन वेळा समजावलं तेव्हा डोक्यात शिरलं. १९२३ चा भरपाईचा कायदा आहे, आधी वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन म्हणायचे, त्याला रोगांची एक यादी जोडलेली आहे, तिसरं शेड्यूल. रोग यादीतला असला आणि माणूस त्या जातीच्या कामात ठरलेला काळ राहिलेला असला, तर तो रोग कामामुळंच झाला असं कायदा धरून चालतो. नाही झाला हे सिद्ध करायचं काम मालकाचं. सिलिकोसिस त्या यादीत आहे. ऊसाच्या चिपाडाच्या धुळीनं होणारा रोग आहे, कापसाच्या धुळीनं होणारा आहे, कारखान्याच्या आवाजानं जाणारे कान आहेत. आणि यादीत नाही असा रोग असला की मग उलटं, सगळं कामगारानंच सिद्ध करायचं, ते जवळपास अशक्यच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण यादी आणि हा नियम तिथंही आहेच.

म्हणजे खरं तर वाद एवढा मोठा व्हायलाच नको. दोन गोष्टी कागदावर पाहिजेत, रोगाचं नाव आणि कामाचं नाव, शेजारी शेजारी. दोन्ही असले की ओझं मालकाच्या खांद्यावर जातं. एक नसलं की आमच्या. आणि हे दोन शब्द शेजारी बसवणारा माणूस जगात एकच आहे, ओपीडीत बसलेला डॉक्टर. वकील नंतर येतो, कोर्ट त्याच्याही नंतर.

तुमच्यावरही एक कायदा आहे, तो तुम्हाला शिकवला असंल पण आठवत नसंल. आधी तो कारखाना कायदा १९४८ च्या कलम ८९ मध्ये होता. कारखान्यात काम करणारा किंवा आधी केलेला माणूस तुमच्याकडं आला आणि त्याला त्या कायद्याच्या यादीतल्या २९ रोगांपैकी एखादा आहे किंवा असावा असं तुम्हाला वाटलं, तर उशीर न करता मुख्य कारखाना निरीक्षकाला लेखी कळवायचं. डॉक्टरनं. 'असावा असं वाटलं' तरी. नाही कळवलं तर १००० रुपयांपर्यंत दंड होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या सुरक्षा संहितेनं घेतली, तिच्यातही डॉक्टरनं कळवायची तरतूद आहे. दंडाची भीती घालायला सांगत नाहीये, १००० रुपयाला कोण भीत होतं. सांगायचं कारण ते 'वाटलं' हा शब्द. मी ज्यांना ज्यांना भेटलो ते डॉक्टर म्हणले, आम्ही शंभर टक्के खात्रीनं कसं लिहिणार? साहेब, शंभर टक्के तुम्हाला कुणी मागितलंच नाही. कायदा म्हणतो वाटलं तर कळवा. भरपाईच्या केसमध्येही खुनाच्या केससारखा पुरावा लागत नाही, कोणती बाजू जास्त शक्य वाटते एवढंच बघतात. तुम्ही मात्र टीबी लिहिताना एक्सरेवर भागवता आणि सिलिकोसिस लिहायचा म्हणलं की एकदम खात्री शोधायला लागता. हे बोचलं असंल तर माफ करा, पण मला तसंच दिसलं.

कोर्टात यायला लागंल ही दुसरी भीती. खरी आहे. तारखेला दिवस जातो, ओपीडी बुडते, वकील उलटसुलट विचारतो. त्या पोरीची तर बदली झाली, शिकायला कुठं लांब गेली म्हणतात, आमचे वकील अजून पत्ता काढायलेत. म्हणूनच म्हणतो, केस पेपरवर तेव्हाच्या तेव्हा, पेशंटच्या तोंडचं, तारखेसहित लिहिलेलं असलं की त्याला वजन असतं, नंतर सर्टिफिकेट मागायला आम्ही दारात उभे राहतो ते तुम्हालाही नको आणि आम्हालाही. नंतरचं सर्टिफिकेट म्हणजे पैसे देऊन आणलं असा शिक्का लगेच बसतो.

तिसरं एक ऐकलं ते जरा वेगळं आहे. एक चांगले अनुभवी डॉक्टर मला म्हणले, अरे आपल्या मराठवाड्यात सिलिकोसिस कुठून येणार, आपला दगड काळा, बेसाल्ट, त्यात मोकळी सिलिका नसल्यासारखीच. बरोबर आहे त्यांचं. देगलूर-बिलोलीकडं ग्रॅनाइट लागतो तेवढा सोडला तर आपल्याकडं सगळा काळा दगड. पण बापूच्या छातीतला दगड मराठवाड्याचा नव्हताच ना, तो गोणीत बसून आला. जमिनीचा दगड बघून छातीतला ओळखू नका, गोणीवर काय छापलंय ते विचारा.

आणि वेळ नाही हे कारण मला मान्य आहे, मी बघतो ना, सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरपुढं दीडशे माणूस. पण तीन प्रश्नांना अर्धा मिनिट लागतो, मी घड्याळ लावून बघितलंय दुकानात, गिऱ्हाईकाला विचारून. शेती सोडून काय काम केलं, हातात काय असायचं, किती वर्षं. परभणी, मानवत, सेलूकडं असाल तर जिनिंगवाल्याला अजून एक, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती जास्त भरते का? कापसाच्या धुळीच्या रोगाची तीच खूण म्हणतात, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसाचा त्रास, तो एका प्रश्नात सापडतो, एक्सरेत बऱ्याचदा दिसतसुद्धा नाही.

ऊसतोडीच्या बायकांचं तर सगळ्यांना माहीतच आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर बायकांची माहिती आली आणि त्यात १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. कामाचा आणि ऑपरेशनचा संबंध काय यावर तेव्हा केवढी चर्चा झाली. हा आजार कुठल्या यादीत नाही आणि त्यांचा मालक कोण हेच कागदावर नसतं, कारखाना म्हणतो मुकादमाला विचारा, मुकादम म्हणतो उचल फेडा. तो विषय या पत्रात मावणारा नाही. पण त्यांच्या केस पेपरवर काय लिहिलेलं असतं ते मी बघितलंय. घरकाम.

तुमच्या पेनात किती ताकद आहे ते राजस्थानकडं बघून कळतं. तिथं २०१९ ला धोरण आलं, डॉक्टरांच्या बोर्डानं सिलिकोसिसचं सर्टिफिकेट दिलं की माणसाला जिवंतपणी ३ लाख, आणि गेला तर घरच्यांना अजून २ लाख. कोर्टात कोण खरं कोण खोटं ते ठरेपर्यंत थांबायचं काम नाही. आणि गुजरातेत गोध्र्याकडं गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत कामाला गेलेले मध्य प्रदेशातले आदिवासी, त्यातल्या २३८ मेलेल्यांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख द्या असं सुप्रीम कोर्टानं गुजरात सरकारला २०१६ मध्ये सांगितलं. गारगोटीच होती तीही. दळली तिथं, गोणीत भरली, कुठंतरी भट्टीत ओतली, एकाच पावडरीनं दोन्ही टोकाची माणसं गेली. माझ्या डोक्यात हे बसलं ना, तर मी दोन दिवस दुकान उघडलं नाही.

आमच्या केसची पुढची तारीख लागलीये. कायद्यात लिहिलंय की तीन महिन्यांत निकाल द्यायचा, ते वाचून आमचे वकीलसुद्धा हसले. आई आता तारखेला येत नाही, विचारते फक्त, तो सहावा कागद नीट ठेवलास ना. ठेवलाय. लॅमिनेशन करणार होतो, वकील म्हणले करू नको, ओरिजिनल तसाच पाहिजे.

आता कामाचं. दुकानात मी रबरी शिक्के पण बनवून देतो. एक शिक्का तयार केलाय, केस पेपरच्या कोपऱ्यात मावंल एवढाच, तीन ओळींचा. शेती सोडून काम. काय हाताळलं. किती वर्षं. समोर मोकळी जागा, तुम्ही लिहा नाहीतर सिस्टरनं लिहावं, केस पेपर काढणाऱ्या खिडकीवर ठेवला तरी चालंल. आतापर्यंत दोन डॉक्टरांना दिला. एकांचा टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे, मी गेलो की बाहेर काढतात. दुसऱ्या मॅडमचा मात्र चालायलाय, परवा एक माणूस झेरॉक्सला आला, त्याच्या केस पेपरवर निळ्या शाईत तो शिक्का, आणि पुढं कुणीतरी घाईघाईत लिहिलेलं: खडी क्रशर, दगडाची भुकटी, ९ वर्षं. त्याला दोन प्रती पाहिजे होत्या, मी चार काढल्या, दोन त्याच्याकडं दिल्या आणि म्हणलं बाकीच्या दोन घरी वेगळ्या ठेव, ओल नाही लागली पाहिजे.

शिक्का पाहिजे असंल तर कुणालाही पाठवा, पैसे घेणार नाही. शाईचं पॅड तेवढं तुमचं.

तुमचा,
जालन्याचा एक झेरॉक्सवाला